आधुनिक कला संग्रहालयाची भेट : तिकिटापलीकडील हिशेब

नवी दिल्लीतील शाहजहान मार्गावर धोलपूर हाऊस ही इमारत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाचे कार्यालय तेथे असून देशभरातील उमेदवार व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी याच इमारतीत येतात. तेथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, इंडिया गेटच्या परिसरातच, जयपूर हाऊस उभे आहे. दोन्ही वास्तू एकेकाळी संस्थानिकांच्या होत्या. पहिलीचा पत्ता प्रत्येक उमेदवाराला पाठ असतो. दुसरीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ही माहिती मात्र बहुतेकांपर्यंत वस्तुनिष्ठ प्रश्नाच्या एखाद्या पर्यायातूनच पोहोचते. कला व संस्कृती हा घटक अभ्यासक्रमात समाविष्ट असल्यामुळे चित्रकारांची व चित्रांची नावे मुखोद्गत केली जातात. परंतु ती चित्रे एका ठरावीक पत्त्यावर, अत्यल्प शुल्कात प्रत्यक्ष पाहता येतात, ही बाब अभ्यासाच्या वेळापत्रकात क्वचितच स्थान मिळवते.

शुल्क अल्प असूनही भेट दुर्मीळ का राहते, हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा आहे. भारतीय नागरिकांसाठी २० रुपये आणि परदेशी पर्यटकांसाठी ५०० रुपये असे या संग्रहालयाचे दर गेली काही वर्षे आहेत. विद्यार्थ्यांना शुल्कात सूट देण्याचे धोरण असल्याने ओळखपत्र जवळ बाळगावे. एकाच सेवेसाठी दोन दर आकारण्याच्या या पद्धतीस मूल्यभेद म्हणतात. परदेशी पर्यटकाच्या एकूण प्रवासखर्चात ५०० रुपयांचा वाटा नगण्य असतो, त्यामुळे त्याची मागणी त्या दराने फारशी घटत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र होय. दालने उघडी आहेत, दिवे लागलेले आहेत, पहारेकरी उभे आहेत. अशा वेळी आणखी एक प्रेक्षक आत आल्यास वाढणारा, म्हणजेच सीमांत, खर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून देशांतर्गत प्रेक्षकांसाठी शुल्क नाममात्र ठेवणे आर्थिकदृष्ट्या योग्यच ठरते.

तथापि प्रेक्षकाचा खरा खर्च तिकिटावर छापलेला नसतो. प्रवास, त्या दिवशी बुडणारा अभ्यास किंवा रोजगार आणि समोर जे दिसते ते समजून घेण्याची पूर्वतयारी, या तिन्हींची बेरीज केल्यास वीस रुपये ही त्यातील सर्वांत किरकोळ रक्कम ठरते. पिएर बोर्दियू व आलँ दार्बेल यांनी युरोपातील कलासंग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संग्रहालयात जाण्याचे प्रमाण शिक्षणाच्या पातळीशी निगडित असल्याचे दिसून आले. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांत डिसेंबर २००१ पासून कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेश विनामूल्य झाला. भेटींची संख्या लक्षणीय वाढली; परंतु वाढीव भेटींमध्ये आधीपासूनच संग्रहालयात जाणाऱ्या वर्गाचा वाटा मोठा होता, असे निरीक्षण तेथील चर्चेत वारंवार नोंदवले गेले. दरवाजा उघडला तरी उंबरठा उरतो. परीक्षार्थी विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील दिलासा असा की, तो ओलांडण्यासाठी लागणारे भांडवल पैशाचे नसून माहितीचे आहे आणि ते जमवणे हाच त्याचा नित्याचा उद्योग आहे.

संस्थेचे घटनात्मक व प्रशासकीय स्थान

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन २९ मार्च १९५४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. बडोदा येथील संग्रहालयाची धुरा सांभाळलेले जर्मन कला-इतिहासकार हर्मन गट्झ हे त्याचे पहिले प्रमुख. जयपूर हाऊसची वास्तू १९३६ मधील. मध्यवर्ती घुमट आणि फुलपाखराच्या पंखांसारखी पसरलेली रचना हे तिचे वैशिष्ट्य. २००९ मध्ये तेथे नवी इमारत जोडली गेली आणि प्रदर्शनासाठी उपलब्ध जागा अनेक पटींनी वाढली. आज संग्रहात सतरा हजारांहून अधिक कलाकृती आहेत.

विद्यार्थ्यांचा गोंधळ प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो. हे संग्रहालय केंद्रीय संस्कृती मंत्रालयाचे अधीनस्थ कार्यालय आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्येच, सुरू झालेली ललित कला अकादमी ही स्वायत्त संस्था आहे. पहिली संस्था कलाकृती विकत घेते, जतन करते व दाखवते. दुसरी समकालीन कलावंतांना प्रोत्साहन देते. दुसरा गोंधळ अधिकारक्षेत्राचा. राज्यांनी नियंत्रित केलेली किंवा त्यांच्या अर्थसाहाय्यावर चालणारी संग्रहालये सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद १२ मध्ये येतात, तर संसदेने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित केलेल्या संस्था संघसूचीच्या नोंद ६२ मध्ये. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे व वस्तूंचे संरक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी मानतो आणि अनुच्छेद ५१ अ (फ) संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्य ठरवतो.

संग्रहालय ही सार्वजनिक वस्तू आहे काय, असा प्रश्न विचारला गेल्यास उत्तर सावधपणे द्यावे. शुद्ध सार्वजनिक वस्तूपासून कोणालाही वगळता येत नाही. संग्रहालयाच्या दारावर तिकीट आहे, म्हणजे वगळणे शक्य आहे. रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी ज्यांना गुणवस्तू म्हटले, त्या वर्गात संग्रहालय अधिक योग्य रीतीने बसते. व्यक्ती स्वतःच्या पसंतीने जितका उपभोग घेईल त्याहून अधिक उपभोग समाजाला इष्ट वाटतो, म्हणून शासन खर्चाचा भार उचलते.

कलानिधी आणि बाजारपेठ

भेटीपूर्वी एक कायदा वाचून जावा. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. आधुनिक चित्रे त्या व्याख्येत बसत नसल्याने कलानिधी हा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. केंद्र शासन कलात्मक मूल्य लक्षात घेऊन अधिसूचनेद्वारे एखादी कलाकृती कलानिधी म्हणून घोषित करू शकते. मात्र कलावंत हयात असेपर्यंत तशी घोषणा करता येत नाही. राजा रविवर्मा, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ व रवींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांच्या कलाकृतींना हे संरक्षण आहे. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. रोरिक हे जन्माने रशियन. यादीतील हे नाव विद्यार्थ्यांच्या स्मरणातून नेमके निसटते.

या निर्बंधाचा बाजारावर होणारा परिणाम उद्बोधक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांचे १९३७ मधील एक चित्र भारतातील लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. मार्च २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ मधील चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांपर्यंत गेले. हुसेन यांची चित्रे कलानिधी नाहीत. त्यांचे खरेदीदार जगभर आहेत. शेरगिल यांच्या भारतातील चित्रांची मागणी देशातील खरेदीदारांपुरती सीमित आहे. तरीही त्यांची किंमत इतकी चढली, याचे कारण पुरवठ्यात सापडते. अठ्ठावीस वर्षांच्या अल्पायुष्यात त्यांनी मोजकीच चित्रे रंगवली आणि त्यांतील शंभराच्या आसपास चित्रे राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. ती पुन्हा बाजारात येणार नाहीत. शासनाने प्रारंभीच केलेल्या संपादनामुळे उर्वरित चित्रे दुर्मीळ झाली, असेही म्हणता येईल.

येथे हिशेबाचा एक मुद्दा उपस्थित होतो. बाजारात एका चित्राला साठ कोटी मिळत असतील, तर अशा अनेक चित्रांच्या रूपाने फार मोठे सार्वजनिक भांडवल भिंतींवर व कोठारांत आहे. धरणातून सिंचन होते, रस्त्यावरून मालवाहतूक होते. या भांडवलाचा परतावा मात्र कोणी तरी चित्रासमोर उभे राहिल्यावरच निर्माण होतो. संशोधन, प्रकाशन यांतूनही काही लाभ होतो खरा. परंतु तोही अखेर पाहणाऱ्यांपासूनच सुरू होतो. रिकामे दालन हे पडून राहिलेले भांडवल होय.

सर्व चित्रे एकाच वेळी का दिसत नाहीत

प्रथमच जाणाऱ्या प्रेक्षकाची ठरलेली निराशा म्हणजे पुस्तकात पाहिलेले चित्र भिंतीवर नसणे. जागेची टंचाई हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. प्रकाशामुळे रंग फिके होतात, कागद पिवळा व ठिसूळ होतो. ही हानी साचत जाते आणि ती भरून काढता येत नाही. म्हणून जलरंग व कागदावरील कामांसाठी सुमारे ५० लक्स आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स इतक्याच प्रकाशाची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. दालन अंधुक वाटते ते याचमुळे. बंगाल शैलीतील चित्रकारांनी कागदावर पातळ रंगांचे थर धुऊन काढण्याचे तंत्र वापरले. जपानी चित्रकारांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी ते आत्मसात केले होते. अशी चित्रे काही काळ दाखवून पुन्हा कोठारात विश्रांतीसाठी ठेवावी लागतात.

खनिज तेलाच्या साठ्याप्रमाणे प्रत्येक चित्राजवळ सहन करता येण्याजोग्या प्रकाशाचा मर्यादित साठा असतो, असे मानल्यास हा विषय लगेच स्पष्ट होतो. आजच्या प्रेक्षकाला अधिक दाखवले तर २०८० मधील प्रेक्षकासाठी कमी उरते. पिढ्यांमधील न्याय हा पर्यावरणाच्या प्रकरणात शिकवला जाणारा मुद्दा येथे शब्दशः लागू पडतो. नियोजनाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, विशिष्ट चित्र पाहण्याचा हेतू असल्यास ते सध्या मांडलेले आहे काय याची चौकशी आधी करावी. केंद्र शासनाच्या ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर २०१४ पासून या संग्रहालयासह अनेक राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे व नोंदी पाहता येतात. त्यासाठी वापरलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाली. पडद्यावरील प्रतिमेत चित्राचा आकार व रंगाच्या थराची जाडी कळत नाही; पण काय पाहावयाचे याची यादी करण्यास ती पुरेशी असते.

दोन चित्रसमूह

यादी करताना नंदलाल बोस यांच्या हरिपुरा फलकचित्रांना अग्रक्रम द्यावा, कारण अर्थशास्त्र व आधुनिक इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा संदर्भ आधीच ज्ञात असतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्वतंत्र भारतासाठी नियोजन आयोगाच्या सल्ल्याने शेती व उद्योगांची पुनर्रचना करण्याचा विचार मांडला. त्याच वर्षी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. भारतीय नियोजनाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण म्हणून हे अधिवेशन अभ्यासले जाते. त्याच अधिवेशनाच्या मंडपांसाठी व प्रवेशद्वारांसाठी गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह शेकडो फलक रंगवले.

या फलकांचे तंत्र आणि त्यामागील अर्थविचार यांची सांगड पाहण्यासारखी आहे. हातकागद, मातीपासून मिळणारे रंग आणि जाड, वेगवान रेषा, अशी साधनसामग्री स्थानिक व स्वस्त असावी, हा आग्रह होता. विषयही तसेच : शेतकरी, बैल, ढोल वाजवणारे, वीणा वाजवणारी, धान्य कुटणाऱ्या स्त्रिया. बंगालमधील पटचित्रांची परंपरा त्यांत सहज ओळखू येते. ज्यांचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात ‘कृषी’ व ‘कुटिरोद्योग’ अशा रकान्यांत दिसतात, तीच माणसे येथे एकेका चौकटीत एकटी उभी आहेत. हे फलक उघड्यावर, अधिवेशनाला आलेल्या ग्रामीण जनसमुदायासाठी टांगले होते. त्यांना तिकीट नव्हते आणि त्यांनी काही दिवसच टिकावे एवढीच अपेक्षा होती. त्यांतील उरलेले आज राजधानीत नियंत्रित प्रकाशात जपले जात आहेत. जपण्यासाठी हे आवश्यकच आहे. मात्र ज्या प्रेक्षकासाठी ते रंगवले गेले, त्याला तेथवर पोहोचण्यासाठी आज रेल्वेचे तिकीट काढावे लागते.

दुसरा समूह अमृता शेरगिल यांचा. बुडापेस्टमध्ये १९१३ साली जन्म, हंगेरियन आई, शीख वडील, पॅरिसमध्ये शिक्षण आणि १९३४ मध्ये भारतात पुनरागमन, असा त्यांचा प्रवास आहे. १९३५ मधील तीन तरुणींच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९३६ च्या अखेरीस त्यांनी अजिंठा पाहिला, दक्षिण भारताचा प्रवास केला आणि १९३७ मध्ये वधूचा शृंगार व ब्रह्मचारी हे विषय असलेली चित्रे रंगवली. तीन तरुणींचे चित्र आणि ब्रह्मचारी ही दोन चित्रे एकामागोमाग पाहावीत. अवघ्या दोन वर्षांत आकृत्यांची मांडणी सपाट व लयबद्ध झालेली आणि तपकिरी-लाल मातकट रंग पुढे आलेले दिसतात. अजिंठ्याची लेणी पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा बदल स्पष्टीकरणाविना उमजतो. महाराष्ट्रातील अनेकांना शालेय सहलीने ही पूर्वतयारी विनासायास दिलेली असते.

रविवर्मा यांच्या तैलचित्रांपुढेही थोडे थांबावे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. छपाईमुळे प्रतिमेचा दर नग खर्च इतका घटला की देवादिकांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर पोहोचली. मूळ चित्र पाहिल्यावर स्वस्त प्रतीत काय गळाले, याचा अंदाज येतो.

किती वेळ, किती चित्रे

बॉस्टन येथील ललित कला संग्रहालयाशी संबंधित बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातील थकव्यावर छायाचित्रांसह लेख लिहिला होता. वाकून, मान वळवून, उभे राहून पाहणाऱ्या प्रेक्षकाचे शरीर लवकर थकते आणि पुढील वस्तूंना मिळणारे लक्ष घटत जाते, हा त्याचा आशय. घटत्या सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. पण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मधील आपल्या ग्रंथात एक अपवाद आवर्जून नोंदवला होता : उत्तम संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते, कारण दरम्यान ऐकणाराच बदललेला असतो. दोन्ही विधाने खरी आहेत. एका भेटीच्या आत उपयोगिता घटते. भेटींच्या मालिकेत ती वाढते.

त्यामुळे एका दिवसात संपूर्ण संग्रहालय संपवण्याचा संकल्प हा उपलब्ध वेळेचा सर्वांत अनुत्पादक वापर ठरतो. दीड ते दोन तास, पूर्वनिश्चित दहा-बारा चित्रे आणि प्रत्येकासमोर पाच-सात मिनिटे, हा आराखडा व्यवहार्य आहे. प्रथम चित्र पाहावे आणि मग पाटी वाचावी. उलट क्रमाने गेल्यास डोळा पाटीतलेच शोधत राहतो. पाटीवरील माध्यमाचा उल्लेख टिपून घ्यावा. तैलरंग, टेम्परा, कागदावरील जलरंग हे भेद पुस्तकातील छायाचित्रांत पुसले जातात आणि परीक्षेत नेमके तेच विचारले जातात. दिल्लीत राजेंद्रनगर वा मुखर्जीनगर येथे राहून तयारी करणाऱ्यांनी महिन्याला एक लहान भेट ठेवल्यास तिचा संधी खर्च अर्ध्या दिवसाहून अधिक नसतो. व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी बाहेरगावाहून आलेल्याने मात्र चाचणीच्या आदल्या दिवशी जाण्याचा मोह टाळावा. चाचणीनंतरचा दिवस बरा.

दिल्लीबाहेर

मुंबईतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ मध्ये सुरू झाले. ते ज्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे, ती जॉर्ज विटेट यांनी आरेखित केलेली १९११ मधील वास्तू. येथे मुख्यत्वे बदलती प्रदर्शने भरतात. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात दालने बंद असू शकतात, म्हणून चौकशीशिवाय नाशिक-कोल्हापूरहून निघू नये. १९५२ मध्ये उघडलेली जहांगीर कलादालनाची वास्तू जवळच आहे. १९४७ मध्ये याच शहरात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला : गोव्यात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. बंगळूरु येथील शाखा माणिक्यवेलू यांच्या जुन्या हवेलीत फेब्रुवारी २००९ मध्ये उघडली.

भोपाळच्या भारत भवनाचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेली ही संस्था १९८२ मध्ये सुरू झाली. तेथील ‘रूपंकर’ संग्रहालय उभारताना चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांची व शहरी आधुनिक चित्रकारांची कामे एकाच छताखाली आणली. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम त्याच प्रक्रियेतून पुढे आले. ‘आधुनिक’ या शब्दाची सीमा कोणी आखावयाची, हा वाद तेथे भिंतींवरच मांडलेला आहे आणि या विषयावरील कोणत्याही निबंधापेक्षा तो अधिक स्पष्ट आहे.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, राष्ट्रीय सुट्यांनाही. दिल्लीत नेमका सोमवारच हाती असल्यास संसद मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे जावे. तिच्या प्रवेशद्वाराच्या दोन बाजूंना रामकिंकर बैज यांनी घडवलेली यक्ष व यक्षी ही भव्य शिल्पे आहेत. यक्ष उद्योगाचे आणि यक्षी कृषिसमृद्धीचे प्रतीक म्हणून योजली गेली. एकाची प्रेरणा मथुरा संग्रहालयातील परखमच्या यक्षाची, दुसरीची कोलकात्यातील बेसनगरच्या यक्षीची. रस्त्यावरून ती दोन्ही स्पष्ट दिसतात आणि त्यासाठी तिकीट लागत नाही.